उष्टवणातला बोरू

पंचफुला मोटारीतून उतरली तेव्हा तिच्या नाकावर चष्मा होता, आणि ती वेशीपासून घरापर्यंत येईतो अर्ध्या केनवडानं तो पाहून घेतला. सोजरबाईला तर तो दिसायच्या आधीच कळला. शेजारची रुपाबाई धावतपळत येऊन सांगून गेली, "तुमची धाकली आली नं वं! डोयाले काच लावून आली. निरी मास्तरीण दिसून राह्यली!"

सोजरबाई ओसरीवर गोधडी घेऊन बसली होती. शिवत होती असं म्हणवत नाही, कारण सकाळपासून सुईत दोराच गेला नव्हता. ओला करून करून दोऱ्याची वात झाली होती. चष्म्याचं ऐकलं आणि सुई नेमकी बोटात घुसली.

"लावू दे," ती बोट चोखत म्हणाली. "माह्या बापाचं काय जाते!"

जात काही नव्हतं, पण जळत मात्र होतं. पंचफुला तिची धाकटी जाऊ. दोघींचे नवरे सख्खे भाऊ; धाकटा मानमोडीच्या साथीत गेला, थोरला दौलतराव चार वर्षांखाली. दोघींना एकेकच मुलगा, आणि तेही वीस दिवसांच्या अंतरानं जन्मलेले. सोजरबाईचा जगदेव केनवडात वावर करत होता. पंचफुलाचा इंद्रभान वाशीमच्या कापसाच्या जीनमध्ये कारकून होता. खुर्चीवर बसत होता, आणि पाऊस पडो न पडो, कापसाला भाव येवो न येवो, महिना भरला की पगार उचलत होता. पंचफुला त्याच्याजवळ वाशीमला राहायची आणि दोन-तीन महिन्यांनी गावी चक्कर टाकायची. दर चक्करेला तिच्या अंगावर काहीतरी नवं असायचं. आधी पायात चपला आल्या. मग छत्री आली. आता चष्मा.

माणसानं जळावं तरी किती? मागच्या हिवाळ्यात सोजरबाई हौसेनं जगदेवच्या गाडीवर बसून वाशीमला गेली होती. जीनच्या फाटकासमोर कापसाच्या गाड्यांची रांग, धूळ, बैलांचं शेण. जगदेव सकाळपासून जू धरून उभा. आणि खिडकीच्या आत, पंख्याखाली, इंद्रभान टाक कानावर ठेवून बसलेला. त्यानं काकूला पाहिलं, उठून बाहेर आला, धुळीत वाकून पाया पडला, दोघांना चहा पाजला. चांगला वागला, हेच तर दुखणं होतं. शिरजोर झाला असता तर चार शिव्या देऊन ती मोकळी झाली असती. चांगुलपणाला शिवी कशी द्यायची? घरी आल्यावर सून कस्तुराच्या भाकरीत खोट काढून तिनं तो सगळा राग तिच्यावर काढला.

पंचफुला ओसरीवर आली, वाकून नमस्कार केला, गोधडी पाहिली. "आणा इकडे, जाऊबाई," ती म्हणाली. चष्मा बोटानं वर सरकवला आणि पहिल्याच खेपेला दोरा सुईतून पार गेला.

थोबाडीत मारली असती तरी सोजरबाईला इतकं लागलं नसतं.

"डोये चांगले हायेत माहे," ती म्हणाली. "उजेड नव्हता."

उन्हानं ओसरी नुसती लखलखत होती. पंचफुला काही बोलली नाही. तिचं हे काही न बोलणं सोजरबाई अठ्ठावीस वर्षं सोसत आली होती.

"मी कामानं आली," पंचफुला थोड्या वेळानं म्हणाली. "इंद्रभान म्हणते, जान्याले आमच्याकडे पाठवा. चौथी झाली त्याची. वाशीमच्या इंग्रजी शाळेत नाव टाकतो म्हणते. पोट्टं घरी राहीन, माह्या हातचं खाईन. फक्त सोमवारच्या आत आलं पाहिजे, मंग नाव घेत नाहीत. उद्या दुपारच्या मोटारीनं मी जाऊन राह्यली. पोराले संगच नेतो."

जान्या म्हणजे जानराव, जगदेवचा नऊ वर्षांचा पोरगा, सोजरबाईचा जीव की प्राण. चावडीवर कागद लागला की गाव त्याला उचलून वर धरायचं आणि तो मोठ्यानं वाचून दाखवायचा. दुकानातून गूळ आणला तर आधी गुळाच्या पुडीचा कागद वाचायचा, मग गूळ घरात यायचा. मास्तरांनी दोनदा जगदेवला सांगितलं होतं की या पोराला गुरांमागे लावू नका. पण केनवडात चौथीच्या पुढं शाळाच नव्हती, आणि पोराला वाशीमला ठेवायचं तर कोणाच्या घरी ठेवायचं?

तेव्हा सोजरबाईच्या मनात एकदम दोन गोष्टी उठल्या. एक अशी की उठून नाचावं. दुसरी अशी की पंचफुलाच्या नाकावरचा तो चष्मा उपसून वाड्याबाहेर भिरकावून द्यावा. देव देतो तर दुसऱ्या कोणाच्या हातून का देत नाही? नेमकं हिच्याच हातून द्यायचं होतं!

"जगदेवले इचारा लागन," ती म्हणाली.

जगदेव काय म्हणेल ते तिला ठाऊक होतं, आणि तसंच झालं. तो दुपारी वखर सोडून आला, पाणी प्यायला, ऐकून घेतलं आणि पंचफुलाकडे न पाहता म्हणाला, "ज्या हातानं माह्या पुढची लेखणी नेली, त्या हातचं माहं पोट्टं खाणार नाही."

पंचफुलानं चष्मा काढला, पदरानं पुसला आणि मांडीवर ठेवला. दारामागे जान्यानं आपली पाटी पिशवीत भरून ठेवली होती. ती पिशवी त्यानं खुंटीला परत अडकवली. कस्तुरा चुलीपाशी तोंड फिरवून बसली. आणि सोजरबाई? सोजरबाई गोधडीला टाके घालत राहिली, धाकटीनं ओवून दिलेल्या दोऱ्यानं.

लेखणीची ती गोष्ट अशी. त्यांच्या घरी उष्टवणाला, म्हणजे बाळाला पहिला घास भरवायच्या दिवशी, बाळासमोर चादरीवर चार वस्तू मांडायची रीत होती. बाळ ज्याला हात घालील ते त्याचं पुढचं आयुष्य. जगदेव आणि इंद्रभान यांचं उष्टवण एकाच दिवशी झालं. सासरे हट्टी माणूस. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं: घरातून एकच पोरगा शाळेत जाईल, दोघं गेले तर वखर काय मी म्हातारपणी धरू? म्हणून चादरीवर त्यांनी दोनच वस्तू ठेवल्या. एक बोरू आणि एक काळ्या मातीचं ढेकूळ. ढेकूळ धरेल त्याला पुढं नाल्याकाठचं वावर, बोरू धरेल त्याला शाळा. इंद्रभानच्या हाती बोरू निघाला, जगदेवच्या हाती ढेकूळ. सासऱ्यांनी शब्द पाळला. इंद्रभान वाशीमला शिकला तो त्याच वावराच्या कापसावर, आणि जगदेव आठव्या वर्षी गुरांमागे गेला.

जगदेव दहा वर्षांचा असताना इंद्रभान सुट्टीत बूट घालून आला. जगदेव आईजवळ येऊन रडला, "मलेच काहून शाळेत नाही घातलं?" तेव्हा सोजरबाईनं त्याला सांगितलं, की बाबा, बोरू तुझ्याच पुढं होता, तुझ्या काकूनं तो हळूच आपल्या पोराकडे सरकवला, म्या या डोळ्यांनी पाहिलं. एवढं एकदाच सांगितलं. पुढं सांगायची गरज पडली नाही. पोरानं ते असं धरलं की अठरा वर्षांत सोडलं नाही.

आता त्याच आठवड्यात गावात एक प्रोफेसर आला होता. अन्सार त्याचं नाव, नागपूरच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचा. विलायतेला जाऊन आलेला, पण मूळचा कारंजाचा, त्यामुळे बोलायचा आपल्यासारखंच. दोन दिवस तो चावडीत कागदांचा गठ्ठा घेऊन बसला होता आणि ज्याला त्याला विचारत होता: तुमची पोरं किती, शाळेत कोणतं घातलं, कोणतं नाही, का नाही, आणि जे शिकलं त्याला पुढं काम काय भेटलं? गावाला वाटलं पोरांवर कर बसणार. कोणी म्हणालं फौजेत भरती होणार. एकानं आपली दोन पोरं घाईघाईनं मामाच्या गावी रवाना केली. खरं कोणीच सांगेना, तेव्हा प्रोफेसर चावडी सोडून घरोघर फिरायला लागला. पंचफुला आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो जगदेवच्या ओसरीवर आला.

जगदेवनं बाज टाकली. कस्तुरानं गुळाचा चहा दिला. पंचफुला खांबाला टेकून बसली होती, तिचं गाठोडं बांधलेलं होतं, दुपारच्या मोटारीला अजून वेळ होता.

"भिऊ नका," अन्सार म्हणाला. "मी कर बसवायले नाही आलो. आमचा धंदा रंगाऱ्याचा. अब्बाचे हात कोपरापर्यंत निळे असत. आमी पाच भाऊ. त्यातला मी एकटाच शाळेत गेलो. बाकी चौघांचे हात आजही निळेच हायेत. मलेच काहून धाडलं म्हणून अब्बाले इचारलं, तर म्हणे, अल्ला जाने. तवापासून मी हेच इचारत हिंडून राह्यलो. सरकारले वाटते, लोक अडाणी, म्हणून पोरं शाळेत घालत नाहीत. मले नाही वाटत. लोक इचार करूनच करतात. फक्त तो इचार त्याहिले कोणी इचारत नाही."

जगदेवला माणूस आवडला. त्यानं सांगायला सुरुवात केली. दोन चुलतभाऊ, एका महिन्यातले, एका घरातले, एकाच चुलीवर वाढलेले. एक शाळेत, एक वावरात. अन्सार पुढं सरकला. "अन् ठरवलं कोणी?"

जगदेवनं उष्टवणाचं सांगितलं.

प्रोफेसरच्या हातची पेन्सिल खाली पडली. ती उचलायचंही त्याला भान राहिलं नाही. "खुदा की कसम!" तो म्हणाला. "जगदेवभाऊ, तुमाले माहीत नाही तुमी मले काय देऊन राह्यले. असं घर मी तीन जिल्हे शोधून राह्यलो. हर घरी जे पोरगं हुशार तेच शाळेत जाते, नाहीतर ज्याचा मामा मोठा ते जाते. मंग पुढं ते कमावते ते शाळेमुळं की अकलेमुळं, हे कसं समजावं? पण तुमच्या घरी तर निरी चिठ्ठी पडली! दोन लेकरं, ना अक्कल, ना वशिला. आंधळा हात जिकडे गेला तिकडे जिंदगी गेली."

"आंधळा कायचा!" जगदेव म्हणाला, आणि त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. "लिवा साहेब. बराबर लिवा. बोरू माह्या पुढं होता. माह्या काकूनं तो आपल्या पोराकडे सरकवला. हे पाहा, अठीच बसून हाय ती. पंचफुलाबाई नाव तिचं. नाव पण लिवा."

 पंचफुलानं चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि मान खाली घातली.

"तुमी तर तवा लहान," अन्सार सावकाश म्हणाला. "पाहिलं कोणी?"

"माह्या मायनं. इचारा तिले."

सगळ्यांच्या नजरा सोजरबाईकडे वळल्या. जान्या खुंटीखाली उभा होता, तोही पाहत होता.

आता खरं सांगायचं तर त्या घटकेलाही तिच्या तोंडात पहिला शब्द आला तो "हो" हाच. किती सोपं होतं! नुसती मान हलवायची. सरकारच्या कागदावर, पेन्सिलीनं, कायमचं लिहिलं गेलं असतं की चपलावाली, छत्रीवाली, चष्मेवाली पंचफुला चोर आहे. नागपूरपर्यंत गेलं असतं. सोजरबाईच्या जिवाला त्या विचारानंच गारवा वाटला. पोरगं एक वर्ष मागं पडलं तर पडलं, पुढच्या वर्षी पाहू, असंही तिनं मनाशी म्हणून टाकलं. लबाड मन काय म्हणणार नाही!

"हो," ती म्हणाली. "म्या पाहिलं."

अन्सार कसून विचारणारा माणूस. तो लिहिता लिहिता म्हणाला, "पुढची चीज कोणी नेली की लेकरू हंबरडा फोडते. रडला असन हा?"

"रडला नं!" सोजरबाईच्या तोंडून निघून गेलं. "लय रडला बाप्पा. सोडतच नव्हता. तोंडात घालून बसला होता, अन् मूठ अशी आवळलेली, अंगठा आत. एक एक बोट सोडवा लागलं, तवा कुठी..."

ती थांबली.

अन्सारची पेन्सिलही थांबली. "बाई," तो हळूच म्हणाला, "मघा तुमी म्हणल्या, काकूनं बोरू पुढून सरकवला. मंग मूठ कोणाची सोडवली?"

 ते रडणं सोजरबाईला आता ओसरीवर ऐकू यायला लागलं होतं. अठ्ठावीस वर्षं तिनं ते कानात शिरू दिलं नव्हतं. बायका आत खिरीच्या पातेल्याशी, सासरे दारात आलेल्या पाटलाला या बसा म्हणायला वळलेले. चादरीवर दोन बाळं. आणि तिच्या बाळानं ढेकळाकडे पाहिलंही नाही, सरळ बोरूच उचलला.  नाल्याकाठचं वावर पंचफुलाच्या पोराला, आणि माझ्या पोराला काय, गवताची काडी?

"म्या," ती म्हणाली.

"मोठ्यानं सांग, माय," जगदेव म्हणाला. त्याला नीट कळलंच नव्हतं.

"म्या सोडवली तुही मूठ! म्या!" ती ओरडली, जणू चूक त्याचीच होती. "बोरू तूच उचलला होता. म्या तुह्या हातून काढला, तुह्या हातात ढेकूळ देलं, अन् बोरू इंद्रभानच्या पुढं टाकला. पंचफुलानं काही नाही केलं. ती तर त्या जागी नव्हतीच."

प्रोफेसरनं पेन्सिल कागदावरून उचलली होती.

"लिवा नं साहेब!" ती त्याच्यावरच खेकसली. "आता काहून थांबले? तुमीच म्हणले नं, कोणी इचारत नाही म्हणून? मंग आइका. तवा शिकून काय भेटत होतं? या गावात शिकलेला एक माणूस होता. दुसऱ्याचे कागद वाचे, अन् कोणी शिधा देईन तवा त्याच्या घरी चूल पेटे. त्याची बायको आमच्या वावरात वेचणीले ये. अन् ज्याच्या हाती वावर, तो पाटलाच्या बराबरीनं बसे. म्या काय वंगाळ पाहिलं? माह्या पोराले वावर पाहिजे, वेचणीची बाई नोको, एवढंच पाहिलं. अन् ते काळं वावर धाकलीच्या पोराले जाईन, हे मले सहन नाही झालं. खरी गोष्ट ते. मंग लढाईच्या सालात कापसाले असा भाव आला, का मी म्हणे, पाहा सोजर, कशी अक्कल चालवली! अन् मंग कापूस पडला. जीनवाल्याहिले लिवणारे पाहिजे झाले. पंचफुलाचं पोट्टं खुर्चीवर बसलं. मले काय मालूम काम असं कूस बदलन? तुमाले तरी मालूम होतं काय?"

"नाही," अन्सार म्हणाला. "कोणालेच नव्हतं." आणि तो खाली मान घालून लिहू लागला. तिचा एकही शब्द त्यानं गाळला नाही.

"मी त्या जागी होती, जाऊबाई," पंचफुला म्हणाली.

सोजरबाईनं झटकन मान वळवली.

"खिरीची वाटी घेऊन दारात उभी होती. म्या सगळं पाहिलं." पंचफुलाचा आवाज नेहमीसारखाच खालचा होता. "त्या दिवशी मी कोठीत जाऊन रडली, का माह्या पोराचं वावर गेलं. थोरल्या जावेवर आळ कसा घ्यावा, सासरे घराबाहेर काढतीन, म्हणून चूप बसली. मंग इंद्रभानले नोकरी लागली. मंग तर बोलाचं कामच नाही राह्यलं. आपलं भलं होऊन राह्यलं, तवा तोंड कोण उघडते? तुमी माह्यावर आळ घेतला तेही मले मालूम होतं. म्हटलं, घेऊ दे. एवढं तर सोसा लागन. जगदेवच्या वाट्याची शाळा माह्या घरी होती नं." तिनं चष्मा मांडीवरून उचलला. "म्हणून जान्याले मागून राह्यली. उपकार नाही करून राह्यली मी."

अठ्ठावीस वर्षं! सोजरबाईच्या अंगाची लाही लाही झाली. म्हणजे ही सगळं जाणून बसली होती. प्रत्येक चक्करेला, प्रत्येक नमस्काराला, काल सुईत दोरा ओवून देताना. आपण हिच्यावर जळत होतो आणि ही आपल्याला पाहत होती. यापेक्षा हिनं भांडण केलं असतं, झिंज्या धरल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या रागाला आता बसायला जागा उरली नव्हती, आणि तो तसाच तिच्या पोटात उभा राहिला.

 जगदेव मात्र आपल्या हातांकडे पाहत होता. वखराचा दांडा धरून धरून तळवे चामड्यासारखे झालेले, उजव्या हाताचं मधलं बोट जुवाखाली सापडून वाकडं झालेलं.

"म्हंजे," तो शेवटी म्हणाला, "लेखणी म्या उचलली होती."

"हो रे बाप्पा," पंचफुला म्हणाली. "ढेकळाकडे तर तू पाहिलं नाही."

"माह्या मनानं?"

"तुह्या मनानं."

त्यानं मान हलवली. आईकडे त्यानं पाहिलं नाही. सोजरबाई वाट पाहत होती की हा आता ओरडेल, तांब्या फेकेल, घरातून चालता होईल. जन्मभर त्यानं स्वतःला नशिबानं मारलेला, काकूनं लुटलेला म्हटलं होतं. आता कोणी लुटलं ते कळल्यावर एवढा गप्प कसा? ती "जगदेव" म्हणाली. त्यानं ऐकलं नाही, किंवा ऐकून घेतलं नाही.

"जान्या," तो म्हणाला, "पिशवी काढ खुंटीवरून."

पोरगं टुणकन उडी मारून पिशवी घेऊन आलं.

"काकूच्या पाया पड."

जगदेव आधी स्वतः पडला. पंचफुलाच्या पायांवर त्यानं डोकं ठेवलं ते पुष्कळ वेळ उचललं नाही, आणि तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग जान्या पडला. तिकडे वेशीपाशी मोटारीचा भोंगा वाजला. कस्तुरानं डोळे पुसत भाकरीचं फडकं बांधून दिलं. जान्या पंचफुलाचं बोट धरून चालू लागला, आणि अंगण ओलांडता ओलांडता त्याला आजीची आठवण झाली तेव्हा पळत परत आला, तिच्या गळ्याला मिठी मारली आणि तसाच पळत गेला. जाताना त्यानं पंचफुलाला विचारलेलं सोजरबाईला ऐकू आलं, "काकूआजी, मले तुमचा चष्मा लावून पाहू देसान काय?" आणि पंचफुला हसली.

आताही, एवढं सगळं होऊनही, त्या हसण्यानं सोजरबाईच्या काळजात कळ गेली. पोराचं भलं झालं म्हणून तिचे डोळे वाहत होते आणि ते तिच्या हातून झालं नाही म्हणूनही वाहत होते. त्यातलं कोणतं पाणी कोणतं, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

अन्सारनं कागद पुरा केला होता. तो नियमानं वागणारा माणूस. "जगदेवभाऊ, ज्यानं सांगितलं त्याचा अंगठा खाली लागते," तो म्हणाला आणि शाईची डबी उघडून पुढं केली.

जगदेवनं डबीकडे पाहिलं. ती त्यानं बोटानं बाजूला सारली. "पेन्सिल द्या," तो म्हणाला.

"सही येते तुमाले?"

"नाही येत."

प्रोफेसरनं काही न विचारता पेन्सिल दिली. जगदेव कागदावर वाकला. पेन्सिल बोटांत कशी धरतात ते त्याला कोणी कधी शिकवलंच नव्हतं. त्यानं ती मुठीत धरली, अंगठा आत आणि चार बोटं वरून आवळून, आणि कागदावर एक वाकडीतिकडी रेघ ओढू लागला. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

सोजरबाईला ती मूठ ओळखू आली. तिचे हात आपोआप पुढं झाले, पोराची बोटं नीट करून द्यायला. मग तिनं ते मागं घेतले आणि पदराखाली, एकात एक अडकवून, घट्ट धरून ठेवले.